माइक खराब झाला नव्हता

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच नाही. एकदा पुण्यात एका मैत्रिणीजवळ तोंड उघडलं होतं — पण तिनं मधेच विचारलं, चहात आलं घालू का, आणि मी म्हटलं, घाल. संपलं. त्यानंतर तो विषय पुन्हा माझ्या जिभेवर आला नाही. आज आणतेय. सरळ सांगणं जमेल असं वाटत नाही, कारण मला माझाच भयंकर वैताग आलेला आहे, आणि वैतागलेलं माणूस धड कुठं बोलतं?

मी एक सिनेमा केला होता. सात वर्षं झाली त्याला. लहानसाच — एक तास वीस मिनिटांचा. निर्माता वगैरे कुणी नव्हता. पाच मित्र, उसना कॅमेरा आणि आमचं नांदुऱ्याचं घर, एवढ्यावर झाला. गोष्टही एवढीशीच. एक मुलगा बीएस्सी होतो, सरकारी नोकरीच्या परीक्षा देतो, देतच राहतो, आणि एक दिवस द्यायचं थांबवून घरी बसतो. पुढे काही घडत नाही. तो घरात असतो, आई घरात असते, पंखा फिरत असतो. तो मुलगा म्हणजे माझा मोठा भाऊ, मिलिंददादा. कामही त्यानंच केलं. आईचं काम आईनं केलं. दुसरं कोण करणार होतं?

तो सिनेमा चार-दोन महोत्सवांत फिरला, आणि लोक अजूनही भेटतात. भेटतात आणि म्हणतात — काय संयत काम केलंय हो त्या मुलानं! संयत. हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या मुलात संयत असं काही नव्हतं, बाई! तो माझा भाऊ आहे, तो जेवताना बोलला तर शेजारच्या अंगणातली कोंबडी उठून उभी राहायची. हे सगळं मनातल्या मनात. तोंडानं मी 'थँक्यू' म्हणते आणि पर्स उचलते.

थांबा, मी भलतीकडे चालले. आधी दादाचं सांगते.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. बाबा रेल्वेच्या गँगमध्ये होते, रुळांवर आयुष्य गेलं त्यांचं. आमच्या गल्लीतला पहिला बीएस्सी म्हणजे दादा. निकाल लागला तेव्हा बाबांनी त्याला घेऊन सगळ्या गल्लीत घरोघरी पेढे दिले होते. त्यानंतर परीक्षा. एकदा दोन मार्कांनी, एकदा मुलाखतीत, एकदा भरतीच रद्द झाली. बाबा वारले. मग एका सकाळी दादानं पुस्तकं पोत्यात भरली, पोतं माळ्यावर टाकलं आणि समोरच्या खोलीतल्या खाटेवर आडवा झाला. तेव्हा तो एकोणतीसचा होता.

आणि मग ते सुरू झालं. तुम्ही आमच्याकडचे नसाल तर सांगायला हवं — आमच्याकडे 'करतोय' नसतं, 'करून राह्यलो' असतं. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस, दूधवाला असो की बाबांचे जुने दोस्त, दारातून आत पाय टाकला की पहिला प्रश्न हाच: "काय करून राह्यला बे सध्या?" सकाळी एक, दुपारी दोन. दादा सुरुवातीला काहीबाही सांगायचा, फॉर्म भरून राह्यलो, क्लास घ्यायचं पाहून राह्यलो. नंतर नुसतं हसायचा. नंतर तेही नाही. मी पुण्याहून सुटीत आले की आई मला स्वयंपाकघरात ओढून हळूच सांगायची, "चार दिवस झाले, तोंडातून शब्द नाही काढला यानं. तू तरी बोलतं कर वं त्याले."

मी त्याला बोलतं केलं. खरंच केलं, हे मला माझ्याविषयी सांगता येतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो. सिनेमा करायचं ठरवलं तेव्हा त्याला म्हटलं, तूच कर. तो म्हणाला, मले नको घेऊ, मले काय येते? मी म्हटलं, घरी बसता येतं ना, तेवढंच करायचंय. तो इतका हसला! दोन वर्षांनी त्या घरात तसं हसू ऐकलं. आई ओट्यापाशी होती, तिनं पदर डोळ्याला लावला.

एकोणीस दिवस शूटिंग चाललं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दादा आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर बसला. साउंडवाला निनाद, कॅमेरावाली केतकी, सगळ्यांशी त्याची अखंड बडबड. निनादनं त्याच्या शर्टाच्या कॉलरला बारीकसा माइक लावला होता, आणि दादाला सवय — बोलताना कॉलरशी चाळा करायची. शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी निनाद त्याला ओरडला होता, "दादा, हात नका ना लावू, घासल्याचा आवाज येतो." दादा शाळकरी मुलासारखा ओशाळला. त्यानंतर त्यानं एकदाही हात लावला नाही. बोलायच्या आधी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचा. हे नीट लक्षात ठेवा. एकदाही नाही.

आणि मग तो प्रसंग. सिनेमात एक काका लग्नाची पत्रिका द्यायला येतात आणि विचारतात — तोच प्रश्न. दादाला लिहून दिलेलं उत्तर होतं, "काही नाही काका, घरीच हाव." तो ते बोलला. मग थांबला. मी 'कट' म्हणणार तेवढ्यात पंख्याकडे बघत म्हणाला, "बसून बसूनबी थकून राह्यलो, काका."

कुणी लिहिलं नव्हतं ते. केतकीनं कॅमेरा तसाच धरून ठेवला होता, तिचे खांदे हलत होते. आई दाराच्या आत उभी होती, ती तिथंच खाली बसली. तो आवाज काय होता म्हणून सांगू! मोठा, खरखरीत, आमच्या मातीतला, आणि त्या शेवटच्या 'काका'ला एकदम लहान झालेला. सगळा सिनेमा त्या एका वाक्यात होता. मी दिग्दर्शक आहे म्हणून हे मला कळलं असं नाही, हे आमच्या आईलाही कळलं होतं.

आता पुण्याकडे येते. यायलाच पाहिजे.

कच्चा सिनेमा जोडून झाला तेव्हा एका रविवारी सकाळी मी बारा-चौदा जणांना दाखवला. एका ओळखीच्या फ्लॅटमध्ये, पोहे-बिहे करून. ज्यांच्या हाताखाली मी चार वर्षं शिकले ते सर होते, त्यांचे मित्र होते, दोन-तीन लिहिणारी माणसं होती. सगळे मन लावून बघत होते. आणि तो प्रसंग आला. बसून बसूनबी थकून राह्यलो, काका. लोक हसले.

वाईट हसले असते तर बरं झालं असतं! मी भांडले असते. ते प्रेमानं हसले. एक बाई म्हणाल्या, "अय्या, किती गोड!" गोड? माझा भाऊ खाटेवर पडून मरणाच्या गोष्टी करतोय आणि ह्यांना तो गोड वाटतोय? संपल्यावर एकानं विचारलं, "पण हा ग्रॅज्युएट दाखवलाय ना? मग असा का बोलतो? आईचं ठीक आहे, आईची भाषा छान वाटते." सर जपून बोलले. म्हणाले, गंभीर जागी हसू येतंय, एवढं बघ. बाकी सिनेमा तुझा आहे.

मी काय म्हणायला हवं होतं, सांगा बरं? मीही ग्रॅज्युएट आहे, त्याच घरातली आहे, आणि फोनवर आईशी अशीच बोलते — एवढं एक वाक्य. माझ्या तोंडून काय निघालं? "हो ना, ते मलाही खटकत होतं."

खटकत होतं! मला! ज्या वाक्यावर मी स्वतः रडले होते, ते मला खटकत होतं! तुम्ही म्हणाल, घाबरली असशील. घाबरले नव्हते हो. लाज वाटली होती. आणि ती लाज जुनी होती. होस्टेलवर पहिल्या आठवड्यात मी मेसमध्ये म्हटलं होतं, "मले अजून एक पोळी द्या." बाजूच्या टेबलावरच्या मुलींनी ते 'मले' महिनाभर पुरवून वापरलं. मी तीन आठवड्यांत 'मला' शिकले. इतकं पक्कं शिकले की आमच्या लग्नात नवऱ्याकडच्या कुणाला मी बुलडाणा जिल्ह्यातली आहे हे पटेना. मला तेव्हा केवढा आनंद झाला होता. आता आठवलं की स्वतःला दोन द्याव्यात असं वाटतं.

तर मी दादाचा आवाज काढून टाकला.

आईचा ठेवला. काकांचा ठेवला. फक्त दादाचा काढला, आणि त्याच्या जागी पुण्यातल्या एका नाटकवाल्या मुलाकडून सगळं पुन्हा म्हणवून घेतलं. दोन दिवस लागले. ओठ जुळेनात — 'राह्यलो'ला ओठ उघडतात तेवढ्यात 'आहे' बसवायचं होतं, ते काय असं बसतं? तो मुलगा हुशार होता. कानाला हेडफोन लावून दादाचं मूळ बोलणं ऐकायचा, मग बोलायचा. त्या काकांच्या प्रसंगाशी आलो तेव्हा त्यानं हेडफोन काढून ठेवला. म्हणाला, "ताई, हे किती भारी बोललाय तो. हे का बदलताय?" पुण्याचा मुलगा होता तो, सदाशिव पेठेतला! त्याला कळलं. मी म्हटलं, "तुम्ही बोला, मला सहाला स्टुडिओ सोडायचाय." तो बोलला — "बसून बसूनही थकायला होतं, काका." छान बोलला. संयत.

इथवर तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. सिनेमावाले करतात असं, आवाज बदलतात. मलाही वाटायचं — इथवरच असतं तर मी कधीतरी सांगूनही टाकलं असतं, हसतहसत, एखाद्या मुलाखतीत.

दादाला मी काहीच कळवलं नव्हतं. फोनवर तो सारखा विचारायचा, कधी दाखवते, कधी दाखवते. सहा-सात महिने त्यानं वाट पाहिली. आई सांगायची, आता बोलते तो, बाहेर जाते, लोकाईले सांगते पिच्चर येऊन राह्यला म्हणून. कुणी 'काय करून राह्यला' विचारलं तर त्याच्याकडे उत्तर होतं — पिच्चर केला. आणि मी तिकडे रोज ठरवायची, आज सांगते. रोज काहीतरी काम निघायचं.

शेवटी नांदुऱ्याला दाखवायचं ठरलं. दुपारी तीनला, आमच्या गल्लीच्या समाजमंदिरात, खिडक्यांना चादरी बांधून. गल्ली लोटली होती. दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस भिजवून मागे वळवले होते, पहिल्या रांगेत सतरंजीवर बसला, आणि पाच-पाच मिनिटांनी मागे वळून कुणाला ना कुणाला सांगत होता — आता सुरू होते, आता. मी प्रोजेक्टरपाशी उभी. तेव्हाही सांगता आलं असतं. दहा पावलांवर बसला होता तो.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर दादा खाटेवर उठून बसला आणि बोलला. इकडे खालचा दादा हसला. मग त्यानं मागे वळून पाहिलं — कुणीतरी मागून बोललं असं त्याला वाटलं असणार. मग पडद्याकडे. मग परत मागे. आणि त्या शांततेत आईचा आवाज आला, भरल्या समाजमंदिरात: "हा कोन बोलून राह्यला वं शीतल, याच्या तोंडातून?"

पोरं फिसकन हसली. सगळी गल्ली माझ्याकडे वळली. दादाही.

आणि मी म्हटलं — "माइक खराब झाला होता. दादा सारखा कॉलरला हात लावत होता ना, त्यानं सगळा आवाज घासला गेला. दुसऱ्याचा घ्यावा लागला."

ऐकलंत ना? मी नुसतं खोटं बोलले नाही. मी त्याच्यावर ढकललं. एवढ्या लोकांत, विचार न करता, सराईतासारखं. मला सुचलं कसं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. दुसरं काहीही बोलता आलं असतं! मशीन बिघडलं, निनादनं घोळ घातला, पाऊस आला — निनाद काही तिथं नव्हता. पण नाही. मला दादाच सापडला.

आणि त्यानं काय करावं? रागवावं? नाही म्हणावं? त्याला पक्कं माहीत होतं की दुसऱ्या दिवसानंतर त्यानं हात लावला नव्हता, मांडीखाली हात घेऊन बसला होता तो. पण त्यानं मान खाली घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हो, मले त्या पोरानं सांगतलं होतं. माह्याच्यानं झालं ते." माझ्यावर विश्वास ठेवण्यासाठी त्यानं स्वतःची आठवण खोटी पाडली. पुढचा तास त्यानं दुसऱ्याच्या आवाजात स्वतःला पाहिलं. हात मांडीखाली होते.

त्यानंतरचं तर विचारूच नका. हा माणूस माझी माफी मागायला लागला! फोन केला की आधी आईची तब्येत, मग पाणी आलं-गेलं, आणि मग — "शीतल, माह्यामुळे तुह्या पिच्चरचं लई नुकसान झालं." बरं, एकदा नाही, दोनदा नाही. दर फोनला. डोक्यात जायचं माझ्या. मी खेकसायची, "दादा, सोड ना आता ते! किती वेळा तेच!" आणि त्याला वाटायचं, ही अजून रागावलेली आहे. मग तो आणखी माफी मागायचा. मी फोन कमी केले. हेही आजच सांगतेय, नवऱ्याला मी सांगते की दादाला फोनवर बोलायला आवडत नाही.

आईनं एकदाच विचारलं होतं, "तो माइक मंग माह्या वाक्याईले काऊन नाही खराब झाला?" मी म्हटलं, तुझा वेगळा होता. खरं होतं ते, वेगळाच होता. आईनं पुन्हा विचारलं नाही. तिला काय कळलं असेल, काय नसेल — मी खोलात गेले नाही. सोयीचं नव्हतं.

आणि तो परत खाटेवर गेला, हे सांगायला हवं का? गेला. आधीपेक्षा एक गोष्ट जास्त झाली होती. त्याला माइकची धास्ती बसली होती. चुलतभावाच्या लग्नात कुणीतरी दोन शब्द बोल म्हणून त्याच्या हातात माइक दिला, तर त्यानं तो दोन बोटांनी धरून तसाच शेजारच्याला दिला. जयंतीच्या कार्यक्रमात पोरं हात धरून त्याला स्टेजवर नेत होती, तो पायऱ्यांवरून उतरून आला. लोकांना गंमत वाटायची. मला आई सांगायची. मी म्हणायची, बाई, काय वेडेपणा करतो हा!

आता मागच्या हिवाळ्यातलं सांगते, आणि थांबते.

संग्रामपूरकडच्या एका गावी आमची आत्या राहते. मी आले होते, म्हणून दादा मला मोटरसायकलवर तिच्याकडे घेऊन गेला. दुपारी गावात कबड्डीचे सामने होते, आम्ही बघायला गेलो. दादा गर्दीत कडेला उभा होता. कबड्डी बघताना माणसाला स्वतःचं भान कुठलं! याचं सुरू झालं — "अबे पाय मांग घे! मांग घे! धरला, धरला, धरला... सुटला रे बाप्पा! अशाले घरी आई तरी जेवू घालन का?" लोक खेळ सोडून याच्याकडे बघायला लागले. बाया हसून हसून खाली बसल्या. इतक्या वर्षांनी तो आवाज मी ऐकत होते, तोच, तसाच. त्या गर्दीत कुणालाही तो गोड-बिड वाटला नाही. भारी वाटला.

सामने भरवणारे रमेशभाऊ — मंडप आणि साउंडचा धंदा आहे त्यांचा, गावोगाव फिरतात — ते गर्दीतून वाट काढत आले. त्यांचा माइकवर बोलणारा गडी त्याच आठवड्यात काम सोडून गेला होता. म्हणाले, "भाऊ, असा आवाज अन् कडेले काय उभे राह्यले तुमी? चाला स्टेजवर. आजपासून होळीपर्यंत आपल्या टुर्नामेंटा हायत, सगळ्या तुमच्या." आणि माइक पुढे केला.

दादा अडतीसचा झाला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याकडे प्रश्न न घेता काम घेऊन आलं होतं. त्याचं तोंड असं उजळलं — शूटिंगच्या दिवसांतच तसं पाहिलं होतं मी. त्याचा हात पुढे गेला. अर्धा गेला. आणि त्यानं तो मागे घेतला.

"नाही भाऊ," तो म्हणाला. "माह्या हातानं माइक खराब होते."

रमेशभाऊ हसले. "काहीतरीच! माइक काय हातानं खराब होते?"

"विचारा इले. बहीन हाय माही, पुण्यात पिच्चर काढते. हिच्या पिच्चरचा आवाज म्याच खराब केला."

सगळे माझ्याकडे बघत होते. रमेशभाऊंनी विचारलं, "खरं हाय का ताई?"

पुण्यात लाज वाटली म्हणा. समाजमंदिरात अचानक तोंडातून निघालं म्हणा — म्हणा हवं तर. इथं काय होतं? इथं कुणी हसणार नव्हतं. सर नव्हते, महोत्सव नव्हता, आईही नव्हती. एक शब्द होता, 'नाही'. तेवढा म्हटला असता तर माझ्या भावाच्या हातात माइक गेला असता. फक्त पुढे दादानं विचारलं असतं, मग तेव्हा तसं काऊन म्हटलं? आणि मला ते त्याला सांगावं लागलं असतं, तिथं, त्याच्या तोंडाकडे बघून.

मी म्हटलं, "हाव."

'हो' नाही म्हटलं. हाव म्हटलं. सतरा वर्षांत चारचौघांत मी माझ्या घरचा शब्द वापरला नव्हता. तो त्या दिवशी वापरला, रमेशभाऊंना पटावं म्हणून. त्यांना पटलं. "राहू द्या मंग," म्हणाले. त्याच दुपारी त्यांना गावातला एक मास्तर सापडला, तोच पुढे होळीपर्यंत त्यांच्यासोबत फिरला, असं आत्यानं नंतर सांगितलं. चांगला बोलत होता म्हणे. दादानं उरलेले दोन सामने तोंड मिटून पाहिले.

परत येताना मी त्याच्या मागे मोटरसायकलवर बसले होते. वारा फार होता, म्हणून तो मान अर्धी वळवून मोठ्यानं बोलत होता. म्हणाला, "बरं झालं शीतल, तू होती. मी एकटा असतो तं त्याईले वाटलं असतं, याले कामच नाही पाह्यजे, बहाना करून राह्यला."

मी म्हटलं, गाडी हळू चालव.

त्यानं हळू केली.